किडीला दाद न देणारं सोयाबीन निवडायला शिकताना: कृष्णाकाठच्या रानातून नवख्यांसाठी

दरवर्षी ऑगस्टमध्ये पावसानं जरा उघडीप दिली की कुणीतरी कृषिदूत नाहीतर कृषिकन्या प्लॉटमधून घाईघाईनं बांधावर येते. "दादा, नऊ नंबरवर अळीच नाही. शेजारच्या दहा नंबरची पार चाळण झालीय. नऊ नंबर धरायचा ना?"

मी एवढंच विचारतो, "बाकीच्या दोन ठिकाणी नऊ नंबर कसा दिसतोय?"

प्रत्येक नमुन्याला आम्ही नंबर देतो आणि तो रानात तीन ठिकाणी पेरतो. बाकीच्या दोन ठिकाणी बहुतेक वेळा पाहिलेलंच नसतं. आणि या विषयातलं सगळं अवघड त्याच प्रश्नात आहे. एखादं झाड किडीपासून वाचलं ते त्याच्या रक्तात काही आहे म्हणून, की त्या कोपऱ्यात कीड पोचलीच नाही म्हणून? पुस्तकात यालाच जनुकीय विविधता आणि आनुवंशिकता अशी भारदस्त नावं आहेत. पुढे सूत्रं येतात आणि मुलं घाबरतात. मी हे काम मिरज तालुक्यात, नदीकाठच्या काळ्या रानात करतो. ज्या क्रमानं ते हाताळायला हवं होतं असं आज वाटतं, त्याच क्रमानं इथे लिहितोय. कृषी पदवीच्या शेवटच्या वर्षाची मुलं, बीजोत्पादन गटातली तरुण मंडळी आणि घरचं बियाणं राखणारे शेतकरी, तिघांनाही ते उपयोगी पडावं.

आधी कीड नीट ओळखा

"कीड-प्रतिकारक" हा शब्द एकटा कधी वापरू नका. कोणत्या किडीला, ते सांगा. आपल्याकडे सोयाबीनवर मुख्यतः खोडमाशी, चक्री भुंगा, उंटअळी आणि तंबाखूवरची पाने खाणारी अळी येतात. या चौघींचं वागणं वेगळं आहे, म्हणून त्यांच्याविरुद्धची निवडही वेगळी करावी लागते.

खोडमाशी अगदी बारीक, काळी, चमकदार असते. ती पानात अंडी घालते. अळी शिरेतून देठात आणि देठातून खोडात उतरते, मग आतला गाभा खात फिरते. रोप लहान असेल तर मरतं. मोठं झाल्यावर लागण झाली तर झाड बाहेरून हिरवंगार दिसतं आणि फक्त उतारा कमी येतो. खोड उभं चिरलं तरच आतली लालसर वाट दिसते. चक्री भुंग्याची मादी देठावर किंवा खोडावर दोन समांतर खाचा पाडते आणि त्यांच्या मधल्या भागात अंडी घालते. खाचेच्या वरचा भाग सुकतो, अळी आतून खाली जाते आणि पीक पक्व व्हायच्या सुमारास झाड मोडून पडतं.

तंबाखूवरची अळी मात्र पुंजक्यानं येते. मादी पानाच्या खालच्या बाजूला शेकडो अंडी एका ठिकाणी घालते आणि त्यांवर भुरकट केसांचं पांघरूण टाकते. लहान अळ्या त्याच पानावर जमून ते जाळीदार करतात, नंतर पांगतात. हे लक्षात ठेवा. पुंजक्यानं येणाऱ्या किडीत एखादी लाइन, म्हणजे वेगळं राखलेलं एका रक्ताचं बियाणं, निव्वळ नशिबानं वाचण्याची शक्यता फार मोठी असते. खोडमाशी त्या मानानं रानभर पसरून येते. म्हणून नवख्यानं सुरुवात खोडमाशीपासून करावी, असं माझं ठाम मत आहे.

झाडाच्या प्रतिकाराचे तीन प्रकार पेंटर या शास्त्रज्ञानं 1951 मध्ये मांडले. मी ते मुलांना आपल्या भाषेत सांगतो: न आवडणं, न मानवणं आणि सोसणं. पहिल्यात कीड झाडावर बसत नाही की अंडी घालत नाही. दाट किंवा टोकदार लव हे त्याचं एक कारण असू शकतं. दुसऱ्यात ती खाते, पण वाढत नाही किंवा मरते. तिसऱ्यात कीड सुखानं राहते, झाड मात्र खचत नाही आणि उतारा देतं. तिसरा प्रकार अळ्या मोजून कधीच कळणार नाही. त्यासाठी त्याच लाइनचा एक फवारलेला आणि एक न फवारलेला प्लॉट ठेवून उत्पादनातला फरक पाहावा लागतो.

लवेबद्दल एक सावधगिरी. लव डोळ्यांना दिसते, बोटांना लागते, म्हणून नवखा तिच्या मागे लागतो. पण कापसात केसाळ पानांवर पांढरी माशी जास्त फोफावते, हे जुनं निरीक्षण आहे. एका किडीला अडवणारा गुण दुसरीला आसरा देऊ शकतो.

विविधता घरात तयार होत नाही

शेजारच्या दहा शेतांतून दहा मुठी बियाणं गोळा केलं आणि ते सगळं एकाच वाणाचं निघालं, तर त्यातून निवडायला काही उरत नाही. सोयाबीन स्वपरागित पीक आहे. फूल उमलायच्या आधीच परागण झालेलं असतं आणि निसर्गात परका पराग साधारण एक टक्क्यालाही पोचत नाही. त्यामुळे एका शुद्ध वाणातली सगळी झाडं जवळजवळ एकाच रक्ताची असतात. त्यातलं सर्वात ठसठशीत झाड निवडून पुढे नेलं, तरी पुढच्या वर्षी तोच वाण मिळतो. ते झाड ठसठशीत होतं ते खतामुळे, पाण्यामुळे, मोकळ्या जागेमुळे. या एका गोष्टीवर मेहनती माणसांची वर्षं वाया जाताना मी पाहिली आहेत, म्हणून इतकं रेटून सांगतोय.

निवडीला खरा वाव हवा तर वेगवेगळ्या उगमाचे नमुने लागतात. आपल्याला जवळची जागा कसबे डिग्रजचं कृषी संशोधन केंद्र. ते राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचं आहे आणि फुले संगम म्हणजे केडीएस 726, फुले किमया म्हणजे केडीएस 753, हे वाण तिथलेच. पुण्याच्या आघारकर संस्थेचे एमएसीएस मालिकेतले, परभणीचे एमएयूएस मालिकेतले, जबलपूरहून आलेला जेएस 335, इंदूरच्या राष्ट्रीय संस्थेकडचे नमुने, अशी वेगवेगळ्या घराण्यांची यादी करा. दिल्लीच्या राष्ट्रीय वनस्पती जनुकीय संसाधन ब्युरोकडून संग्रहातले नमुने मागवता येतात, पण ते संस्थेमार्फत आणि लेखी करार करून. विद्यार्थ्यांनी मार्गदर्शकांकरवी अर्ज करावा. घरचं बियाणं राखण्याचा, पेरण्याचा आणि एकमेकांना देण्याचा शेतकऱ्याचा हक्क 2001 च्या वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्यानं मान्य केला आहे. ब्रँडच्या नावाखाली विकता येत नाही, एवढंच.

जगभरात पानं खाणाऱ्या किडींसाठी जपानकडचे तीन जुने नमुने फार वापरले गेले. पीआय 171451, पीआय 227687 आणि पीआय 229358 अशी त्यांची नोंद आहे. अमेरिकेत 1970 च्या दशकापासून त्यांच्यावर काम झालं, तरी शेतकऱ्याच्या रानापर्यंत पोचलेले वाण थोडेच. प्रतिकारासोबत त्यांच्याकडून कमी उतारा आणि इतर नको असलेले गुणही चिकटून येत राहिले. आपल्यालाही हेच झेलावं लागणार, हे मनाशी धरूनच कामाला लागा.

रान आखणं

सुरुवातीला 20 लाइन पुरे. प्रत्येकीच्या 3 मीटर लांबीच्या तीन ओळी, दोन ओळींत 45 सेंटिमीटर. म्हणजे एका लाइनला 1.35 मीटर रुंदी आणि विसांना 27 मीटर. असे तीन गट, शास्त्रीय भाषेत तीन पुनरावृत्ती. मधल्या वाटा धरून सगळं साडेतीन गुंठ्यांत बसतं. प्रत्येक गटात विसांचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवा. पहिल्या गटातला क्रम दुसऱ्यात उचलून ठेवू नका, नाहीतर नऊ आणि दहा तिन्ही ठिकाणी शेजारीच राहतील.

गट कसे पाडायचे हे रान सांगतं. आपल्याकडे एका बाजूला उभा ऊस असतो, दुसरीकडे पाणी साचणारा सखल पट्टा. उसाच्या कडेला सावली आणि दमटपणा, तिथे कीड वेगळी वागते. म्हणून एक अख्खा गट उसाच्या बाजूला, एक मध्ये आणि एक सखल पट्ट्यात असा ठेवा, म्हणजे विसांपैकी प्रत्येकीला तिन्ही परिस्थिती भोगाव्या लागतील. वाफसा आल्यावर टोकण करा. टोकणीत रोपांची संख्या सारखी राहते, आणि रोपं विरळ-दाट झाली की किडीची मोजणी बिघडते.

बियाण्याला बुरशीनाशक आणि जिवाणू संवर्धक लावा, पण कीटकनाशकाची बीजप्रक्रिया करू नका. थायोमिथोक्झामसारखं औषध सुरुवातीच्या आठवड्यांत खोडमाशी रोखतं आणि मग वीसही लाइन प्रतिकारक दिसतात. प्लॉटभोवती आणि मधूनमधून, आपल्या भागात ज्यावर हमखास कीड येते अशा वाणाच्या ओळी पेरा. त्या कीड पोसतात आणि सगळीकडे पसरवतात. बांधाशेजारच्या शेतकऱ्याला आधीच जाऊन भेटा, फवारणीच्या दिवशी वाऱ्याची दिशा बघायला सांगा. एका हंगामात शेजारची फवारणी वाऱ्यानं आमच्या एका गटावर आली. त्या गटातली जी लाइन आम्ही नावाजली होती, ती पुढच्या वर्षी चारचौघींसारखीच खाल्ली गेली.

प्रतिकारासाठी निवड करायची तर कीड यायलाच हवी, आणि सारखी यायला हवी. तांबेऱ्याचं उदाहरण घ्या. तो बुरशीचा रोग आहे, कीड नव्हे, पण धडा तोच. कसबे डिग्रज आणि सीमेपलीकडचं उगार खुर्द ही तांबेऱ्याची माहेरघरं. तिथे कृष्णेच्या दमट हवेत कमकुवत लाइन लपूच शकत नाही. तांबेऱ्याला तोंड देणारे वाण याच पट्ट्यातून निघाले, त्यामागे हे मोठं कारण आहे.

मोजणी

तीन ओळींपैकी कडेच्या एका ओळीतली झाडं उपटून चिरण्यासाठी राखा, मधली ओळ उत्पादनासाठी अस्पर्श ठेवा. उगवणीनंतर साधारण महिन्यानं प्रत्येक प्लॉटमधली पाच झाडं आणि काढणीआधी पाच झाडं घ्या. पातं लावून खोड उभं चिरा, पूर्ण खोडाची लांबी मोजा, पोखरलेली लांबी मोजा. दुसऱ्या आकड्याला पहिल्यानं भागून शंभरनं गुणलं की खोड पोखरल्याची टक्केवारी मिळते. चक्री भुंग्यासाठी प्लॉटमधली एकूण झाडं आणि खाच पडलेली झाडं मोजा. पानं खाणाऱ्या अळ्यांसाठी दोन ओळींत पांढरं कापड पसरून एक मीटर ओळ हलक्या हातानं झटका आणि पडलेल्या अळ्या मोजा. सकाळीच करा. उन्हं चढल्यावर तंबाखूवरच्या मोठ्या अळ्या खाली मातीत, पाल्याखाली जातात.

मोजणाऱ्याला लाइनचं नाव माहीत नसावं. पाटीवर फक्त प्लॉट नंबर. एक गट एकाच माणसानं एका दिवसात संपवावा. आमच्याकडे मोजायला येणाऱ्या एका मावशींचा हात पोरांपेक्षा कितीतरी सारखा चालतो, कारण त्यांना कोणतीही लाइन जिंकायला नको असते.

सोबत फुलोऱ्याचे आणि पक्वतेचे दिवस नक्की लिहा. लवकर येणारी लाइन अळीचा जोर वाढायच्या आत निसटते, तिला प्रतिकारक समजू नका. शंका असेल तर तोच संच पंधरा दिवसांच्या अंतरानं दोनदा पेरा.

आकड्यांशी मैत्री

आता तो भाग, ज्यापाशी बहुतेक जण वही मिटतात. मिटू नका.

रानात दिसणारा चढउतार दोन वाटण्यांचा असतो: रक्तामुळे झालेला आणि रानामुळे झालेला. एकाच लाइनचे तीन प्लॉट आपसांत जेवढे वेगळे पडतात, गटागटांतला फरक बाजूला काढून, तेवढा रानाचा वाटा. लाइन-लाइनमध्ये त्याच्यापेक्षा जास्त जो फरक उरतो, तो रक्ताचा. बस, एवढंच. सूत्र हेच अंकांत लिहितं.

शिकण्यापुरते आकडे धरू. 20 लाइन, 3 पुनरावृत्ती, खोड पोखरल्याची सरासरी 20 टक्के. विश्लेषणाच्या तक्त्यात लाइनचा मीन स्क्वेअर, म्हणजे लाइन-लाइनमधल्या चढउताराचं माप, 96 आला आणि एररचा, म्हणजे रानाच्या वाट्याचं माप, 12. 96 मधून 12 वजा करा, 84. पुनरावृत्ती 3, म्हणून 3 नं भागा, 28. हा जनुकीय व्हेरियन्स, म्हणजे रक्तामुळे झालेला चढउतार. त्यात रानाचे 12 मिळवा, 40. हा दिसणारा, म्हणजे फिनोटिपिक व्हेरियन्स. 28 ला 40 नं भागलं की 0.70. म्हणजे व्यापक अर्थानं आनुवंशिकता 70 टक्के: दिसणाऱ्या चढउतारातला एवढा वाटा रक्ताचा.

सरासरीच्या तुलनेत रक्ताचा चढउतार किती, ते जीसीव्ही सांगतो. तो म्हणजे 28 चं वर्गमूळ भागिले सरासरी: 5.29 भागिले 20, 26.5 टक्के. सगळ्या दिसणाऱ्या चढउताराचं तसंच माप म्हणजे पीसीव्ही, त्यासाठी 40 चं वर्गमूळ: 6.32 भागिले 20, 31.6 टक्के. या दोघांत अंतर जितकं कमी, तितका रानाचा हस्तक्षेप कमी.

निवडीनं किती फरक पडेल, ते जेनेटिक अ‍ॅडव्हान्स सांगतो. 2.06 गुणिले 6.32 गुणिले 0.70, साधारण 9.1. सरासरीच्या तुलनेत ते 45.6 टक्के होतात. आपल्याला पोखरण कमी हवी, म्हणून ते वजा करायचे: 20 वरून 11 च्या आसपास. इथे नवखे हमखास चुकतात आणि सर्वात जास्त आकड्याची लाइन उचलतात. नुकसानीच्या गुणात निवड खालच्या टोकाची. शिवाय 2.06 हा आकडा मोठ्या समूहातून वरचे 5 टक्के निवडण्यासाठी आहे. विसांतून एकच निवडताना तो 1.87 च्या जवळ असतो, म्हणून वहीतली वाढ रानात थोडी कमीच दिसते.

आनुवंशिकता 30 पर्यंत कमी, 30 ते 60 मध्यम, 60 च्या वर जास्त, असं सहसा धरतात. अ‍ॅडव्हान्स टक्केवारीत 10 पर्यंत कमी, 20 च्या वर जास्त. ही मोजपट्टी ज्या कामावरून रूढ झाली ते जॉन्सन आणि सहकाऱ्यांचं 1955 चं काम सोयाबीनवरचंच होतं. नुसती आनुवंशिकता पाहून निर्णय घेऊ नका. ती जास्त आणि अ‍ॅडव्हान्स कमी असेल तर एकतर विविधताच थोडी आहे, नाहीतर गुण साध्या निवडीला सहज वळणारा नाही. दोन्ही जास्त असतील तर सरळ निवड फळते.

आणखी दोन खाचखळगे. वरच्याच प्रयोगात कुणी 87.5 टक्के आनुवंशिकता सांगेल आणि तोही खोटं बोलत नसेल. त्यानं रानाचे 12 तिन्ही पुनरावृत्तींत वाटून 4 केले आणि 28 ला 32 नं भागलं. एका प्लॉटची आनुवंशिकता आणि तीन प्लॉटच्या सरासरीची आनुवंशिकता हे वेगळे आकडे आहेत. दुसऱ्याचा आकडा वाचताना कशानं भागलं ते आधी विचारा. दुसरं, एकाच हंगामातल्या आकड्यात त्या हंगामाची खास मेहेरबानी रक्ताच्या खात्यात जमा होते. दुसरं वर्ष, दुसरं ठिकाण धरलं की आनुवंशिकता बहुधा खाली येते. मिरजेसोबत एखादा संच कराडकडे पेरता आला तर उत्तम.

टक्केवारी शून्यापासून शंभरपर्यंत विखुरली असेल तर विश्लेषणाआधी आर्कसाइन रूपांतर करा, म्हणजे टक्केवाऱ्यांचा चढउतार सगळीकडे सारखा करणारा गणिती बदल. अळ्यांच्या संख्येत 0.5 मिळवून वर्गमूळ घ्या. पुंजक्यांच्या किडीत हे टाळलं तर एररचा आकडा भरवशाचा राहत नाही.

संकर आणि पिढ्या

एक चांगला उताऱ्याचा वाण आणि एक प्रतिकारक लाइन असा जोड निवडा. जमलं तर मादी पांढऱ्या फुलाची आणि नर जांभळ्या फुलाचा घ्या. जांभळा रंग प्रभावी आहे, आणि जांभळ्या फुलाच्या रोपाचं कोवळं खोडही जांभळसर असतं. त्यामुळे पुढच्या हंगामात रोप उगवताच कळतं की संकर साधला की स्वपरागण झालं. सोयाबीनचं फूल अतिशय लहान असतं, शंभर फुलांवर हात फिरवल्यावर थोड्याच शेंगा धरतात. चिमटा, भिंग आणि सकाळची निवांत वेळ लागते.

संकराची पहिली पिढी एफ 1, तिच्या बियांतून आलेली दुसरी एफ 2, असं पुढे मोजतात. एफ 2 पिढीत विविधता फुलते, पण तिथे प्रत्येक झाड एकटं असतं, त्याची पुनरावृत्ती करता येत नाही. मग रानाचा वाटा कसा काढायचा? दोन्ही पालक आणि एफ 1 शेजारी पेरा. या तिघांत प्रत्येकाची सगळी झाडं एकाच रक्ताची, म्हणून त्यांच्यातला चढउतार रानाचा. तिघांच्या व्हेरियन्सची सरासरी 20 आली आणि एफ 2 चा 50, तर 30 भागिले 50, आनुवंशिकता 60 टक्के.

दर पिढीला संमिश्रता, म्हणजे जोडीतली दोन जनुकं वेगवेगळी असण्याचं प्रमाण, निम्मी होते: एफ 2 मध्ये 50 टक्के, एफ 3 मध्ये 25, एफ 4 मध्ये 12.5, एफ 6 पर्यंत तीनच्या आसपास. म्हणून एफ 2 च्या एकेका झाडावर उताऱ्यासाठी किंवा अळ्यांच्या संख्येसाठी निवड करू नका. तिथे फक्त लव, पक्वता, उभारी असे ठळक गुण पाहा आणि बाकी झाडांचं एकेक बी पुढे न्या. किडीची खरी पारख एफ 4 नंतर, पुन्हा तीन गटांत.

मार्करच्या, म्हणजे गुणाशी जोडलेल्या जनुकीय खुणेच्या, साहाय्यानं निवड हा पुढचा टप्पा. तो प्रयोगशाळा असलेल्यांनी करावा, पण मार्करलाही आधी रानातली विश्वासार्ह मोजणी लागते.

त्या नऊ नंबरचं पुढे काय झालं ते सांगतो. एका वर्षी मुलांनी असाच धरलेला नऊ नंबर आम्ही तिन्ही गटांत मिळून पाहिला. पहिल्यात स्वच्छ, दुसऱ्यात निम्मी खोडं पोखरलेली, तिसऱ्यात त्याहून जास्त. चौदा नंबरकडे कुणाचं लक्ष नव्हतं. त्याची पानं थोडी थोडी खाल्लेली होती, दिसायला साधाच. पण खोडं चिरल्यावर पोखरलेली वाट तिन्ही गटांत बोटाच्या एका पेराएवढीच निघाली. पुढच्या जूनमध्ये त्याच रानात आणि कराडच्या मित्राच्या रानात तो पुन्हा पेरला, तेव्हाही तेवढीच. आता त्याचं बी कापडी पिशवीत आहे, आत एक आणि बाहेर एक अशी दोन लेबलं लावून. येत्या खरिपात फुले संगम मादी आणि चौदा नंबर नर धरून संकर करायचा आहे.